कडी-कोयंडा रेखाटण्याआधी

वाई, मेणवली किंवा सातारच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांची दारं रेखाटताना पुष्कळ जण सवयीने चौकटीला बिजागऱ्या काढून मोकळे होतात. मूळ दारांना त्या बहुधा नसतातच. प्रत्येक फळीच्या कडेला वर-खाली खुंट्या कोरलेल्या असत. खालची उंबऱ्याजवळच्या खळग्यात, वरची चौकटीमागच्या ठोकळ्यात फिरे. त्यामुळे फळी चौकटीच्या मागे बसते, आत उघडते आणि बाहेरून सांध्याचं काहीच दिसत नाही. ओतीव बिजागरीचं पेटंट इंग्लंडमध्ये 1775 साली निघालं. इकडे ती रुळायला बराच काळ गेला. वाड्याच्या दारावर स्क्रूची बिजागरी दिसली, की दार नंतर बदललंय किंवा दुरुस्त झालंय असं धरून चालावं.

कडीचं काम तिहेरी. तीच वाजवायची, तीच धरून दार ओढायचं, साखळीची असेल तर कोयंड्यात अडकवून कुलूप लावायचं. हौशीने बसवलेलं पितळी सिंहमुख पाहिलं तर फळीची आतली बाजू बघा. जुन्या कामात कडी धरणारा दांडा आरपार काढून मागे दुमडलेला असतो. नुसते स्क्रू असतील तर नग अलीकडचा.

अशा बारकाव्यांचं मोजून रेखाटन करण्याची शिस्त आपल्याकडे 19व्या शतकात आली. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय 1857 चं. तिथे 1865 पासून शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगने कारागिरांची चित्रं काढली. जयपूर संस्थानात काम करणारा ब्रिटिश अभियंता स्विंटन जेकब याने जयपूरच्या वास्तुतपशिलांचा संग्रह 1890 पासून छापला. तो कारागिराने समोर ठेवून काम करावं अशासाठी होता. नुसत्या देखण्या चित्रावर लोहार काम करू शकत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

आजही रेखाटन याच शिस्तीने, क्रमाने करावं. आधी मध्यरेषा, मग दांड्याचं डोकं, त्याखालचा पत्रा आणि शेवटी कडी. कडीची सळई 12 मि.मी. जाड असेल तर आतला आणि बाहेरचा असे दोन लंबवर्तुळ काढावेत. एकाच रेषेला नंतर जाडी दिली की कडी चपटी दिसते. खालच्या बाजूला, जिथे ती पत्र्यावर आपटते, तिथे सळई झिजून पातळ झालेली असते आणि पत्र्यावर खळगा पडतो. ही झीज जरूर दाखवावी, कडीचा वापर त्यातूनच कळतो. पत्र्यावरच्या ठोकीव नक्षीचा ठसा पातळ कागद आणि 6B पेन्सिलने घ्यावा. ऑइलपेंटचे थर चढले असतील तर ठसा गुळगुळीत येतो. मग तिरप्या उजेडात, सकाळी किंवा संध्याकाळी, नक्षी डोळ्यांनीच उतरवावी लागते.

कुलपाचं चित्र मात्र समोरून काढून भागत नाही. जुन्या एका प्रकारच्या लोखंडी कुलपात किल्ली फिरवत नाहीत, आत ढकलतात. तिने स्प्रिंगच्या पट्ट्या दाबल्या जातात आणि आकडा सुटतो. म्हणून किल्लीची लांबी, भोकाचा आकार आणि एका बाजूचा छेद, तिन्ही एकाच पानावर, शेजारी सेंटिमीटरची पट्टी काढून द्यावं. गंजलेलं कुलूप केवळ रेखाटनासाठी जोर लावून उघडू नये. पट्टी तुटली की ते पुन्हा बंद होत नाही.