जपानी ज्येष्ठांच्या हातातले कागदी सण

फेब्रुवारीच्या सुरुवातीला जपानमधल्या ज्येष्ठांच्या एखाद्या दिवसभराच्या देखभाल केंद्रात गेले, तर दुपारच्या वेळी एखादा कर्मचारी लाल मुखवटा चढवून राक्षस झालेला दिसतो आणि चाकांच्या खुर्च्यांवर बसलेली मंडळी त्याला वर्तमानपत्राच्या कागदाचे गोळे फेकून मारत असतात. हा सेत्सुबुन, म्हणजे वसंत लागण्याच्या आदल्या दिवसाचा सण. मूळ विधीत ‘ओनी वा सोतो, फुकु वा उची’, म्हणजे राक्षस बाहेर आणि भाग्य घरात, असे म्हणत भाजलेले सोयाबीन उधळायचे आणि नंतर आपल्या वयाइतके दाणे खायचे असतात. नव्वदीतल्या माणसाने नव्वद दाणे चावून खाणे कठीण आणि घशात दाणा अडकण्याची भीती त्याहून मोठी, म्हणून केंद्रांत दाण्यांच्या जागी कागद आला. पुढे मार्चमध्ये कागदी बाहुल्या, मे महिन्यात घडीचे शिरस्त्राण आणि कार्प माशाच्या पताका, जुलैमध्ये बांबूच्या फांदीला बांधलेल्या रंगीत चिठ्ठ्या असे वर्ष पुढे सरकते. पाहणाऱ्याला बालवाडी आठवते, आणि ती आठवण अगदीच चुकीची नाही. या कागदकामाची वाट बालवाडीतून गेलेली आहे. मात्र ती तिथे सुरू झालेली नाही.

सुरुवात शोधायची तर चीनमधून आलेल्या आणि एदो काळात (1603 ते 1868) तोकुगावा शासनाने अधिकृत सण म्हणून मान्य केलेल्या पाच ‘सेक्कू’ दिवसांकडे जावे लागते. 7 जानेवारी, 3 मार्च, 5 मे, 7 जुलै आणि 9 सप्टेंबर या तारखा आज ओळखीच्या असल्या, तरी मूळ हिशेब चांद्र महिन्यांचा होता. हे दिवस आनंदाचे होते त्याहून अधिक सावधगिरीचे होते, कारण ऋतू बदलताना रोगराई येते या समजुतीने त्या त्या दिवशी तिला दूर ठेवण्याचे उपाय केले जात. तिसऱ्या महिन्यात कागदाची बाहुली अंगावरून फिरवून नदीत सोडत, म्हणजे अंगावरचे अशुभ तिच्याबरोबर वाहून जाई. आज मांडणीवर मिरवणाऱ्या राजाराणीच्या बाहुल्यांचे हे एक मूळ. पाचव्या महिन्यात सुगंधी वनस्पतींचा गुच्छ पंचरंगी धाग्यांनी बांधून टांगत आणि त्याला ‘कुसुदामा’, म्हणजे औषधी गोळा, म्हणत. आज त्याच नावाने कागदाच्या घड्यांचा गोल करतात, त्यात औषध उरलेले नाही.

या पाचांपैकी आपल्या विषयाशी सर्वांत जवळचा सण नवव्या महिन्यातला, शेवंतीचा. शेवंती ही दीर्घायुष्याची फुले. आदल्या रात्री त्यांच्यावर रेशमी कापूस पांघरत आणि पहाटे दवाने ओला झालेला तो कापूस अंगावरून फिरवून वार्धक्य पुसून टाकत. 1008 साली ‘गेंजी’ कादंबरीची लेखिका आणि सम्राज्ञीच्या पदरी असलेली मुरासाकी शिकिबू हिला असा कापूस तिच्या मालकिणीच्या आईकडून, म्हणजे दरबारातला सत्ताधीश फुजिवारा नो मिचिनागा याच्या पत्नीकडून, मिळाला आणि त्याबरोबर म्हातारपण नीट पुसून टाक असा निरोपही आला. तिच्या रोजनिशीत ही नोंद आहे. म्हणजे ज्येष्ठत्व आणि सणाची हस्तकला यांची गाठ हजार वर्षांपूर्वीही पडलेली होती, फक्त तेव्हा हेतू मन रमवण्याचा नव्हता.

कागद स्वस्त झाला तो एदो काळात. सामुराई घराण्यांत भेटवस्तूवर लावायच्या घड्यांचे शास्त्र होतेच. त्याच्या बाजूला निव्वळ हौसेची घडीही रुजली. 1797 साली क्योतोत छापलेल्या ‘हिदेन सेन्बाझुरु ओरिकाता’ या पुस्तकात एकाच कागदातून एकमेकांना जोडलेले क्रौंच पक्षी घडवण्याचे 49 प्रकार दिले आहेत. ईशान्य जपानमधल्या सेन्दाई शहराच्या तानाबाता उत्सवात, म्हणजे सातव्या महिन्यातल्या ताऱ्यांच्या सणात, ठरलेल्या सात सजावटींपैकी एक हे कागदी क्रौंचच असून, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीच्या वयाइतके पक्षी घडण्याची तिथली रीत सांगितली जाते. पक्षी घडणारे हात घरातल्या धाकट्यांचे आणि मोजमाप मात्र आजीच्या वयाचे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे हे नाते उलटे झाले.

1873 च्या पहिल्या जानेवारीपासून जपानने ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि त्याच वर्षी पाच सेक्कूंचा अधिकृत दर्जा काढून घेण्यात आला. सण घरोघरी टिकले, पण बहुतेकांच्या तारखा आकड्यांसकट नव्या दिनदर्शिकेत उचलून ठेवल्या गेल्याने ऋतू साधारण महिनाभर मागे राहिला. पंचांग अजून भिंतीवर असलेल्या मराठी वाचकाला हा घोळ चटकन उमजेल: भाद्रपद हा सहावा महिना म्हणून गणेश चतुर्थी कायमची 4 जूनला बांधून टाकली असती, तर दूर्वा कुठून आणल्या असत्या? जपानमध्ये अंतर कमी होते, तरी 3 मार्चला पीच फुलत नाही, 7 जुलैला पावसाळी ढगांमुळे तारे दिसत नाहीत आणि 9 सप्टेंबरला शेवंती तयार नसते. सेन्दाईने तानाबाता ऑगस्टमध्ये नेऊन आपल्यापुरता मार्ग काढला. इतरत्र सणाचा ऋतू दाखवण्याचे काम कागदावर अधिकाधिक पडत गेले, असे मला वाटते.

याच सुमारास बालवाडी आली. 1876 साली तोक्योच्या महिला शिक्षक विद्यालयाला जोडून जपानमधली पहिली सरकारी बालवाडी सुरू झाली आणि जर्मनीत जन्मलेल्या क्लारा मात्सुनो यांनी तिथे बालवाडीचा जनक मानल्या जाणाऱ्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची पद्धत शिकवली. त्या पद्धतीत कागद दुमडणे, विणणे आणि कापणे हे ठरलेले पाठ होते. देशी घडीकाम या परदेशी चौकटीत सहज बसले, चौकोनी रंगीत कागद बाजारात आला आणि वर्षभराचे सण हळूहळू बालवाडी व प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकाचा भाग बनले. रोग टाळण्याचा विधी अशा रीतीने मुलांचा हस्तव्यवसाय झाला.

ज्येष्ठांकडे तो परतला दुसऱ्या महायुद्धानंतर. 1947 साली ह्योगो प्रांतातल्या नोमादानी गावाने शेतीची कामे हलकी असलेला सप्टेंबरच्या मध्याचा काळ निवडून ‘वडीलधाऱ्यांचा दिवस’ पाळला. 1966 पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे आणि 2003 पासून ती सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी येते. 1963 साली ज्येष्ठ कल्याण कायदा झाला तेव्हा देशात शंभरी गाठलेले 153 जण होते. 2024 मध्ये ही संख्या 95,119 होती. शंभरी गाठणाऱ्यांना सरकार साके या तांदळाच्या मद्याचा चांदीचा प्याला देते, पण संख्या वाढत गेल्यामुळे 2016 पासून त्यावर चांदीचा नुसता मुलामा असतो.

दिवसभराच्या देखभाल केंद्रांची सरकारी योजना 1979 मध्ये सुरू झाली, 1989 च्या ‘गोल्ड प्लॅन’ या ज्येष्ठांच्या देखभालीच्या सरकारी आराखड्याने ती विस्तारली आणि एप्रिल 2000 मध्ये दीर्घकालीन देखभाल विमा लागू झाल्यावर ती सर्वदूर पोहोचली. सकाळी गाडी घरून घेऊन येते. आंघोळ, जेवण, थोडा व्यायाम, आणि दुपारी ‘रेकु’, म्हणजे रिक्रिएशनचे जपानी लघुरूप. रोज काहीतरी नवे द्यायचे कुठून, या प्रश्नाला बालवाडीच्या वार्षिक वेळापत्रकात आयते उत्तर होते, आणि ज्येष्ठांच्या हातांना शाळेत शिकलेल्या घड्या येतही होत्या. 1965 च्या कायद्याने व्यवसायोपचारतज्ज्ञ (रोजच्या कामांतून हातापायांची क्षमता परत मिळवून देणारा) हा मान्यताप्राप्त पेशा झालेला असल्याने बोटांच्या हालचालींचे कारणही पुढे करता येत होते, आणि 2006 मध्ये विमा योजनेचा भर परावलंबन टाळण्याकडे वळल्यावर ते अधिक वजनदार झाले.

हे सगळे लहान मुलांसारखे वागवणे आहे, ही तक्रारही तेव्हापासूनची आहे आणि ती रास्त आहे. तयार तुकडे नुसते चिकटवायला दिले तर सत्तर वर्षे संसार केलेल्या बाईचा त्यात अपमानच आहे. पण दोष सणाचा नसून मधल्या मुक्कामाचा, म्हणजे बालवाडीचा, आहे. लाकडी हातोड्याने चेंडू छोट्या कमानींतून मारण्याच्या गेटबॉल या खेळाचे उदाहरण बोलके आहे: हा खेळ 1947 मध्ये होक्काइदोतल्या मेमुरो इथे मुलांसाठी शोधला गेला आणि पुढे ज्येष्ठांनी तो इतका आपलासा केला की तो आज त्यांचाच समजला जातो. ज्या केंद्रांत आठवणींवर आधारित उपचार पद्धत वापरतात, तिथे बाहुलीचा किमोनो कसा दुमडायचा हे आजी सांगते आणि तरुण कर्मचारी शिकतो. वर्गाची दिशाच उलटते.

सप्टेंबरमध्ये या केंद्रांच्या भिंतींवर पौर्णिमेचा चंद्र, ससे आणि वडीलधाऱ्यांच्या दिवसाची अभिनंदनपत्रे लागतात. म्हातारपण पुसून टाकण्याचा मूळ दिवस, म्हणजे 9 तारीख, बहुतेक ठिकाणी कोरीच जाते.