छातीसमोरचा दांडा

१९५५ सालच्या शेवरलेचं स्टिअरिंग चाक उतरवलं की मधोमध एक पोलादी दांडा उघडा पडतो. तो डॅशबोर्डखालून निघतो, फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत) भेदतो, इंजिनाच्या कडेकडेने पुढे जातो आणि थेट चासीवरच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये, म्हणजे चाकाचं फिरणं टायरांच्या वळण्यात बदलणाऱ्या गिअरच्या पेटीत, शिरतो. वाटेत जोड नाही की सांधा नाही. त्याचं एक टोक गाडीच्या नाकापाशी आणि दुसरं चालकाच्या छातीसमोर. त्या काळी हीच सर्वसाधारण रीत होती. १९३२ च्या फोर्डचं, म्हणजे जुन्या गाड्यांत दमदार इंजिनं घालणाऱ्या हॉट रॉडवाल्यांच्या लाडक्या ‘ड्यूस’चंही तसंच होतं.

अमेरिकेत अशा जुन्या गाड्या हौसेने नव्याने बांधणारे लोक अजूनही पुष्कळ आहेत. बाहेरून गाडी जुनीच ठेवायची आणि आतून इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळं बदलायचं. (आपल्याकडे हा शौक कायद्याला मानवत नाही. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जी ‘व्हीए’ नंबरांची सोय झाली तिची अटच मुळी गाडी मूळ रूपात असण्याची आहे.) शेवरलेला पॉवर स्टिअरिंग बसवायचं ठरलं की जुना बॉक्स निघतो आणि त्याच्याबरोबर हा अखंड दांडाही कापावा लागतो. आता नवा स्टिअरिंग कॉलम हवा. कॅटलॉग उघडला की क्रोमचे, पॉलिशचे, काळ्या रंगाचे चकचकीत कॉलम समोर येतात. लांबी २८ इंच, ३० इंच, ३२ इंच. चाक वर-खाली होणारे. गिअरचा दांडा असलेले आणि नसलेले. बहुतेक हौशी मंडळी लांबी आणि चकाकी बघून मोकळी होतात. खरी निवड मात्र फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींची असते.

कॉलम म्हणजे दोन वस्तू. बाहेरची स्थिर नळी आणि तिच्या आत बेअरिंगवर फिरणारा दांडा. ॲम्बॅसॅडर किंवा पद्मिनी चालवलेल्यांना बाहेरची नळी चांगली आठवत असेल, कारण गिअर त्याच नळीच्या कडेला होता. आतला दांडा कुणाच्या नजरेस पडत नाही.

समोरून धडक बसली की या जोडगोळीबाबत दोन वेगवेगळी संकटं येतात, आणि ती वेगळी आहेत हे ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक चुका होतात. पहिलं संकट: गाडीचं नाक चेपतं, स्टिअरिंग बॉक्स मागे ढकलला जातो आणि अखंड दांडा चाकासकट चालकाच्या अंगावर येतो. दुसरं: गाडी थांबते, पण चालक थांबत नाही. तो आपल्याच वेगाने जाऊन चाकावर आदळतो. एकात दांडा माणसाकडे येतो, दुसऱ्यात माणूस दांड्याकडे जातो.

अमेरिकेत १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून गाड्यांसाठी राष्ट्रीय सुरक्षा मानकं लागू झाली. त्यांतली दोन केवळ स्टिअरिंगसाठी होती, आणि त्यांची वाटणी नेमकी या दोन संकटांप्रमाणे होती. मानक क्रमांक २०४ सांगतं की गाडी ताशी ४८ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळवली तर चाक मागच्या बाजूला १२७ मिलिमीटरहून जास्त सरकता कामा नये. क्रमांक २०३ मध्ये माणसाच्या धडाच्या आकाराचा ३४ किलोचा ठोकळा ताशी २४ किलोमीटर वेगाने चाकावर फेकतात. ठोकळ्यावरचा जोर ११,१२० न्यूटनच्या आत राहायला हवा. काही मिलिसेकंदांची सूट आहे, तेवढीच.

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसण्यात मजा आहे. ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ६.७ मीटर. एवढ्या वेगातल्या ३४ किलोची गतिज ऊर्जा भरते सुमारे ७५० ज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी जिरवायची, आणि जोर म्हणजे ऊर्जा भागिले अंतर. ताठ दांडा जेमतेम २ सेंटिमीटर दबला, तर छातीवर साधारण ३७,५०० न्यूटन येतात, म्हणजे पावणेचार टनांच्या वजनाएवढा भार. तोच दांडा १५ सेंटिमीटर मागे सरला तर जोर उतरतो ५,००० न्यूटनवर. मानकाची मर्यादा गाठायला किमान किती अंतर लागतं? जवळपास ७ सेंटिमीटर, तेही जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा राहिला तर. प्रत्यक्षात तो तसा राहत नाही, म्हणून जागा जास्त सोडावी लागते. सगळी कारागिरी त्या काही सेंटिमीटरांसाठी.

जनरल मोटर्स, क्रायस्लर आणि अमेरिकन मोटर्स यांनी कायद्याची तारीख येण्याआधीच, १९६७ च्या मॉडेलांपासून, ऊर्जा शोषणारे कॉलम बसवायला सुरुवात केली. जनरल मोटर्सच्या पहिल्या रचनेत बाहेरच्या नळीचा एक भाग जाळीसारखा कापलेला होता. दाब आला की ती जाळी कागदी कंदिलासारखी घडीघडीने बसायची. पुढे जाळी गेली आणि एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या आल्या. दोन्हींच्या मध्ये पोलादी गोळ्या घट्ट दाबून बसवलेल्या. धडकेत एक नळी दुसरीत शिरते, आणि शिरताना गोळ्या नळीच्या पत्र्यात चर पाडत जातात. ऊर्जा जिरते ती हे चर पाडण्यात. स्प्रिंगसारखी ती परत उसळत नाही, आणि तेच हवं असतं. आतला दांडाही दोन तुकड्यांचा. ते तुकडे एकमेकांत बसवून मध्ये प्लॅस्टिक भरलेलं असतं. रोजच्या वळणांना ते प्लॅस्टिक पुरून उरतं, धडकेत मात्र कातरून निघतं आणि दांडा आखूड होतो. अमेरिकी सरकारने १९८१ मध्ये या कॉलमांचा हिशेब मांडला तेव्हा समोरून होणाऱ्या अपघातांत चालकाच्या मृत्यूचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

मला या सगळ्यात सर्वांत हुशार वाटतो तो डॅशबोर्डखालचा ब्रॅकेट. त्याला दोन खाचा असतात, चालकाच्या बाजूने उघड्या. प्रत्येक खाचेत एक छोटा धातूचा ठोकळा, आणि डॅशबोर्डला जाणारे बोल्ट त्या ठोकळ्यांतून जातात. छातीचा धक्का बसला की ब्रॅकेट ठोकळ्यांवरून निसटतो आणि कॉलम पुढे सरकायला मोकळा होतो. धक्का उलट बाजूने, इंजिनाकडून आला तर? खाचेचं बंद टोक ठोकळ्याला अडतं. एकाच तुकड्याने एका दिशेला वाट दिली आणि दुसरीला नाकारली.

आता पुन्हा आपल्या शेवरलेकडे. समजा भंगारातून सत्तरच्या दशकातला कॉलम मिळाला. तो घ्यायला हरकत नाही, पण आधी ते दोन ठोकळे जागेवर आहेत का ते बघा, आणि नळी मूळ लांबीची आहे ना तेही. धडक खाल्लेल्या गाडीचा कॉलम आपलं काम एकदा करून बसलेला असतो. दुसरी भीती मेकॅनिकचीच. चाक निघत नाही म्हणून दांड्याच्या टोकावर हातोडा घातला की आतलं प्लॅस्टिक कातरलं जातं. बाहेरून काही दिसत नाही, मात्र दांडा खालीवर हलायला लागतो. चाक काढायचं ते पुलर, म्हणजे स्क्रूने ओढून काढणारं अवजार, लावूनच.

बाजारातला नवा कॉलम घेतला तर विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: हा आखूड होतो का? कित्येक देखणे कॉलम होत नाहीत. उत्तर ‘होतो’ असं आलं तरी काम संपत नाही, कारण हॉट रॉडमध्ये कॉलम डॅशबोर्डला टांगतात तो बहुधा एका गोल क्लॅम्पने. नळी त्यात आवळली, खाली फायरवॉलपाशी दुसऱ्या क्लॅम्पने आवळली, की आखूड होणारा कॉलमही ताठ झाला. मग सांगतात की खालचा दांडा टेलिस्कोपिक आहे ना, त्यात सांधे आहेत ना, धडकेत तो दुमडेल. दुमडेल, अगदी खरं. पण त्याने पहिलं संकट टळलं. दुसरं तसंच राहिलं. अशा गाड्यांत बऱ्याचदा नुसता कमरेचा पट्टा असतो, त्यामुळे धड कमरेतून वाकून सरळ चाकावर जातं. तिथे खांद्यावरून येणारा पट्टा बसवणं हा कॉलमच्या खरेदीचाच भाग समजायला हवा.

सांध्यांचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबू. आठ सिलिंडरचं रुंद इंजिन बसवलं की डाव्या बाजूची एक्झॉस्टची नळी नेमकी स्टिअरिंगच्या वाटेत येते. दांड्याला वळसा घालावा लागतो, म्हणून युनिव्हर्सल जॉइंट. आपल्या गॅरेजांत ज्याला यूजे क्रॉस म्हणतात त्याचाच हा छोटा भाऊ. या सांध्यात एक खोड आहे. गोटी पान्याच्या सेटमध्ये असा लवचीक जोड असतो. तो ३० अंशात वाकवून हळूहळू फिरवून बघा. हात एकसारखा फिरतोय, पण पलीकडचं टोक कधी पुढे पळतं, कधी रेंगाळतं. ३० अंशांच्या कोनात त्याचा वेग हाताच्या वेगाच्या ०.८७ पट ते १.१५ पट असा हेलकावतो, एका फेरीत दोनदा. स्टिअरिंगवर हे जाणवतं ते चाक एकदा जड, एकदा हलकं लागण्यातून.

यावरचा उतारा म्हणजे दुसरा सांधा. दोन्हींचे कोन सारखे ठेवायचे आणि मधल्या दांड्याच्या दोन टोकांचे योक, म्हणजे ते यू आकाराचे चिमटे, एका रेषेत बसवायचे. पहिल्याने वाढवलेलं दुसरा कमी करतो आणि हिशेब फिटतो. (कॉलम, मधला दांडा आणि बॉक्स एकाच पातळीत असतील तर. तिरपे असतील तर योकही त्या मानाने फिरवावे लागतात.) तेच योक चुकून ९० अंशांनी फिरलेले बसवले, तर खोड दुरुस्त न होता दुणावते: ०.७५ पासून १.३३ पर्यंत. दांडा योकमध्ये बसतो तो टोकावरच्या उभ्या खाचांनी, म्हणजे दातांनी. असे ३६ दात असतील तर एक दात चुकला म्हणजे १० अंश चुकले. म्हणून शेवटचे बोल्ट आवळण्याआधी एकदा वाकून दोन्ही योकांकडे बघायचं.

दोन सांध्यांनी वाट निघाली नाही तर तिसरा घालतात. मग दोन मधले दांडे तयार होतात आणि त्यांच्यातला जोड हवेत लोंबकळतो. त्याला चासीवरून बेअरिंगचा आधार दिला नाही तर चाक फिरवल्यावर टायर वळायच्या आधी सांधाच झोल खातो.

दातांवरून आणखी एक. पाऊण इंची दांड्यांत ३० दातांचे असतात तसे ३६ दातांचेही. व्यास तोच असल्यामुळे नुसत्या नजरेला फरक कळत नाही, आणि ‘थोडं ठोकलं की बसेल’ असा मोह होतो. बसेल, आणि दात खाऊन बसेल. योक ज्या ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) धरतात त्याच्यासाठी दांड्यावर उथळ खळगा पाडायचा, स्क्रू त्यात रुतवायचा आणि वरून लॉकनट लावायचा. नुसत्या गुळगुळीत दांड्यावर आवळलेला स्क्रू एक दिवस सुटतो.

लांबी ठरवायची सर्वांत चांगली रीत फुकट आहे. सीट कायमची बसवा. दोन इंची पीव्हीसी पाइपाच्या टोकाला चाक बांधा, सीटवर बसा आणि पाइप मागेपुढे, वरखाली करत राहा. दार उघडून आतबाहेर करून बघा, क्लच दाबून बघा. गुडघा चाकाला लागत नाही आणि पाय ब्रेकवरून नळीला घासत नाही अशी जागा सापडली की पाइपवर खूण करा. हे झाल्याशिवाय कॅटलॉग उघडू नये.

हल्ली काहीजण सॅटर्न व्ह्यू किंवा टोयोटा प्रियस या गाड्यांमधला विजेवर मदत करणारा कॉलम आणून बसवतात. आपल्या गाडीच्या संगणकाकडून काही निरोप येत नाही म्हणून तो बिचारा ठरावीक मदतीवर चालत राहतो, आणि ते चालतंही बरं. हायड्रॉलिक पंप, नळ्या, तेलगळती सगळं वाचतं. जुन्या गाडीची तार-जोडणी आणि अल्टरनेटर हा भार सोसणारे हवेत, एवढंच.

सगळं बसतं. गाडी जॅकवर घेऊन चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, कुठे घासत नाही, कुठे अडत नाही. मग हॉर्नचं बटण दाबावं तर आवाजच नाही. फ्यूज ठीक, रिले ठीक, बॅटरी ठीक. अर्धा दिवस जातो. शेवटी लक्षात येतं की हादरे येऊ नयेत म्हणून दांडा आणि बॉक्स यांच्यामध्ये जी रबरी चकती घातली, तिने विजेचीही वाट बंद केली आहे. हॉर्नचं बटण अर्थिंग घेतं ते त्याच दांड्यातून. चकतीच्या अलीकडून पलीकडे वीतभर तार जोडली की हॉर्न वाजतो.