मद्रासच्या बंदरातून हांसीच्या गढीवर: जॉर्ज थॉमसच्या चाकरीची पार्श्वभूमी

आयर्लंडमधली लढाई संपवणाऱ्या १६९१ च्या लिमरिकच्या तहानंतर हजारो आयरिश कॅथलिक शिपाई फ्रान्सला गेले आणि पुढची शंभर वर्षे फ्रान्स, स्पेन व ऑस्ट्रियाच्या फौजांत आयरिश लोक चाकरी करीत राहिले, कारण मायदेशी कॅथलिकांना लष्करातली अधिकारपदे कायद्यानेच बंद झाली होती. महादजी शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणी, उभारणारा डी बॉइन आल्प्समधल्या सॅव्हॉयचा खरा. पण त्याची उमेदवारी फ्रान्सच्या अशाच एका आयरिश पलटणीत झाली, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

जॉर्ज थॉमस मात्र त्या परंपरेतला नव्हे. आयर्लंडमधल्या टिपेररी परगण्यातल्या रॉसक्रे गावच्या गरीब घरात १७५६ च्या सुमारास जन्मलेला हा माणूस इंग्रजी आरमाराचा खलाशी म्हणून आला आणि मद्रासला जहाज सोडून पळाला. पुढे लोक त्याला ‘जहाजी साहेब’ म्हणत. काही वर्षे दक्षिणेतल्या पाळेगारांकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थानिकांकडे, काढून १७८७ मध्ये तो दिल्लीकडे, मेरठजवळच्या सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू हिच्या पदरी गेला. तिथे फ्रेंच प्रतिस्पर्ध्यांपुढे त्याचे काही चालेना, तेव्हा १७९३ च्या सुमारास त्याने शिंद्यांचे सरदार आप्पा खंडेराव यांची चाकरी धरली.

या चाकरीचे स्वरूप पाहिल्याशिवाय पुढचा प्रकार कळत नाही. आप्पांकडे पलटणींचा पगार भागवायला रोकड नव्हती, म्हणून त्यांनी मेवातमधले तिजारा, टपूकडा व फिरोजपूर हे बंडखोर महाल (परगणे) थॉमसला लावून दिले. म्हणजे वसूल तलवारीने करायचा आणि त्यातूनच शिपाई पोसायचे. असा माणूस हळूहळू धन्यावाचून चालवायला शिकणारच. १७९७ मध्ये आप्पांनी यमुनेत जीव दिल्यावर थॉमसने आजच्या हरियाणातली ओस पडलेली हांसी वसवली, तोफा ओतल्या आणि स्वतःच्या नावाचा रुपया पाडला.

दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा मुख्य झालेल्या फ्रेंच पेराँला हे शेजारी राज्य खपणारे नव्हते, आणि फ्रेंचाच्या हाताखाली राहणे थॉमसला. सप्टेंबर १८०१ मध्ये आपल्या जॉर्जगढ किल्ल्याजवळ पेराँचा सरदार बुर्क्याँ याच्या पलटणींचे त्याने जबर नुकसान केले, तरी वेढ्यात सापडून डिसेंबरात त्याला हांसी सोडावी लागली. कलकत्त्याच्या वाटेवर, ऑगस्ट १८०२ मध्ये, तो बंगालमधल्या बहरामपूरला वारला. त्याआधी कॅप्टन फ्रँकलिन याने त्याची हकीकत लिहून घ्यायला घेतली, तेव्हा ती फारसीत सांगू का, असे त्याने विचारले. आता तीच भाषा त्याच्या तोंडी अधिक बसली होती.