तोंडातला बुरा

श्रावणात आमच्या गुहागरात बुरा कशाला धरत नाही? चपला, पापड, कपाटातली पैठणीसुद्धा. तोंड तर बारा महिने ओलं नि ऊबदार. शिवाय निम्म्याच्या आसपास धडधाकट माणसांच्या तोंडात कँडिडा ही बुरशी कायम मुक्कामाला. तरी ती माजत नाही. का, ते कळायला पावणेदोनशे वर्षं गेली.

१८३९ मध्ये जर्मन सर्जन लांगेनबेक यांना तापाने दगावलेल्या रुग्णाच्या घशात ही बुरशी दिसली. तापाचं कारण तीच, असा त्यांचा समज झाला. गाडी घोड्यापुढे! १९५० मध्ये हेझन आणि ब्राउन या दोघींनी व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतून बुरशी मारणारं निस्टॅटिन शोधलं. औषध मिळालं, पण राखण कोण करतं ते कळेना.

धागा सापडला १९८१ च्या जूनमध्ये. लॉस एंजेलिसमधल्या ज्या पाच रुग्णांपासून एड्सची नोंद सुरू होते, त्या पाचही जणांना कँडिडाचा संसर्ग होता. एचआयव्ही रोगाशी लढ्यातल्या मदतनीस टी-पेशी संपवतो, आणि तोंड बुरशीने भरतं. रक्तात मात्र ती सहसा शिरत नाही. म्हणजे तोंडाचा राखणदार रक्ताच्या राखणदाराहून वेगळा. २००९ मध्ये सारा गॅफन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की ही कामगिरी मदतनीस टी-पेशींपैकीच टीएच-१७ पेशींची, त्यांच्या इंटरल्युकिन-१७ या निरोपाची. २०११ मध्ये पॅरिसच्या संशोधकांना तो निरोपच जन्मतः बिघडलेली माणसं सापडली. त्यांना ही बुरशी पुन्हापुन्हा छळत होती.

निरोप पोचला की तोंडाचं अस्तर बुरशीमारक प्रथिनं सोडतं आणि जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावतं. लाळेत हिस्टॅटिन हे तसलंच प्रथिन असतंच. पण शेजारीण आणि चोर ओळखायचा कसा? बुरशी गोल यीस्टच्या रूपात असली की अस्तर काणाडोळा करतं. तिला तंतू फुटले की ती कँडिडालायसिन नावाचं विष सोडते, पेशीला भोक पडतं, आणि मग बोंब होते. हे उमगलं २०१६ मध्ये.

तान्ह्याच्या जिभेवर दह्याच्या कवडीसारखा थर दिसला की आज्जी टाकणखाराची लाही मधात खलते. टाकणखार बाळाच्या पोटात नको, वर्षाच्या आत मधही नको. पण आज्जीला हे सांगायचं कोणी? आमचे आप्पा मात्र ऐकतात. दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड घशाला चिकटून तिथली राखण ढिली करतं, म्हणून ते पंप ओढला की पडवीच्या कठड्याशी जाऊन खळखळून चूळ भरतात, आणि थुंकतात नेमकी अळवावर.