जेहान दारूवाला : सुरुवातीची कारकीर्द

जेहान दारूवाला (जन्म : १ ऑक्टोबर १९९८, मुंबई) हा फॉर्म्युला वनच्या खालोखालच्या फॉर्म्युला टू मालिकेची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ड्रायव्हर. ६ डिसेंबर २०२० रोजी बहरीनमधील साखीर येथे त्याने ही शर्यत जिंकली. प्रस्तुत नोंद कार्टिंगपासून (कार्ट म्हणजे छोटी, उघडी शर्यतगाडी) त्या दिवसापर्यंतच्या वर्षांची आहे.

ही कारकीर्द केवळ निकालांच्या तक्त्यांवरून कळत नाही. ज्युनिअर सिंगल-सीटर (एका आसनाच्या गाड्यांच्या) स्पर्धांत बहुतेक वेळा सगळ्यांना एकाच कारखान्याची गाडी आणि एकाच कंपनीचे टायर मिळतात. त्यामुळे ड्रायव्हरची पारख त्याच्याच संघातील शेजारच्या गाडीशी होते. जेहानच्या शेजारी एकेका टप्प्यावर लँडो नॉरिस, रॉबर्ट श्वार्ट्झमान आणि युकी त्सुनोदा होते. तिघेही आपापल्या मालिकेत त्या वर्षीच्या पहिल्या तिघांत आले, दोघे तर विजेतेच ठरले. जेहानविषयी 'चांगला, पण…' असे जे बोलले जाई, त्यातला 'पण' बराचसा या शेजाऱ्यांमुळे होता.

मुंबई आणि कार्टिंग

युरोपातील मुले सहाव्या-सातव्या वर्षी कार्टमध्ये बसतात. जेहानची सुरुवात दहाव्या वर्षाच्या आसपास, मुंबईत, रेयोमंड बानाजी यांच्या रेयो रेसिंगमध्ये झाली. महाराष्ट्रात तेव्हा मोठा रेस ट्रॅक नव्हता. पूर्ण लांबीचे ट्रॅक तेव्हा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर आणि २०११ पासून ग्रेटर नोएडा येथे. आपल्याकडे आहेत ते कार्टिंगचे ट्रॅक, आणि त्यांत कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकचे नाव सर्वांत जुन्या-जाणत्यांत घेतले जाते.

२०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने देशभर 'वन फ्रॉम अ बिलियन हंट' ही शोधमोहीम घेतली. तिच्यातून निवडलेल्या तिघांत अर्जुन मैनी आणि तरुण रेड्डी यांच्यासह जेहान होता. पुढच्याच वर्षी त्याने केएफ-३ या कुमारांच्या कार्ट वर्गातील आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद मिळवले आणि २०१३ मध्ये त्याच वयोगटाचे ब्रिटिश अजिंक्यपद. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलासाठी ब्रिटनमधले विजेतेपद जास्त मोलाचे होते, कारण तिथे मैदानात त्याच्यापेक्षा तीन-चार वर्षे जास्त अनुभव असलेली मुले होती.

केएफ-३ कार्टला १२५ सीसीचे, पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन असे. फेरे मिनिटाला १४,००० वर रोखलेले, क्लच आपोआप धरणारा, गिअर नाहीत आणि ब्रेक फक्त मागे. ड्रायव्हरसकट किमान वजन १४५ किलो. मुलगा हलका असेल तर शिशाच्या वड्या बोल्टने सीटला आवळायच्या. त्या कुठे बसवल्या यानेही वळणातला तोल बदलतो.

कार्टला सस्पेन्शन नसते आणि डिफरन्शिअलही (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी रचना) नसते. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असल्याने सारखीच फिरतात. वळणात मात्र आतल्या चाकाला कमी अंतर कापायचे असते. त्यामुळे ते जमिनीला टेकून राहिले तर कार्ट वळायचे सोडून सरळ जायला बघते. उपाय चौकटीतच केलेला असतो : स्टिअरिंग फिरवताच पुढची रचना चौकट पिळते आणि आतले मागचे चाक क्षणभर उचलले जाते. चांगला ड्रायव्हर ते लवकर उचलतो आणि लवकर टेकवतो. दिवसभरात ट्रॅकवर रबर बसत जाते आणि पकड वाढते. सकाळी झकास चाललेली कार्ट दुपारच्या अंतिम शर्यतीत वळणात उड्या मारू लागते. मग मेकॅनिक मागची चाके थोडी बाहेर सरकवतो (एकूण रुंदीची मर्यादा १४० सेंटिमीटर), सीट खाली घेतो किंवा वेगळ्या कडकपणाचा आस घालतो. हे सगळे सुचायला ड्रायव्हरने नेमके सांगावे लागते की उडी वळणात शिरताना येते की बाहेर पडताना. सस्पेन्शनचे काम ड्रायव्हरची सीट आणि बरगड्या करतात, म्हणून छातीला संरक्षक पट्टा बांधल्याशिवाय कोणी बसत नाही.

कार्बुरेटर (हवा आणि पेट्रोलचे मिश्रण करणारा भाग) हे दुसरे दुखणे. हवा थंड आणि दाट झाली की तेवढ्याच सेटिंगवर मिश्रण पातळ होते. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्यामुळे वंगणही कमी पडते आणि सरळ रस्त्याच्या शेवटी पिस्टन जाम होतो. इंजिन गेले की तो दिवस गेला.

कार्टमधून गाडीत

२०१५ मध्ये जेहान फोर्टेक संघाकडून फॉर्म्युला रेनो २.० च्या उत्तर युरोपीय मालिकेत उतरला. कार्टनंतरची पहिली पायरी असलेले फॉर्म्युला फोर त्याने वगळले. भारतात एफआयए या जागतिक मोटर-शर्यत संघटनेची मान्यता असलेली फॉर्म्युला फोर मालिका तेव्हा नव्हतीच, ती २०२३ मध्ये सुरू झाली. फॉर्म्युला रेनोची गाडी सुमारे २१० अश्वशक्तीची, कार्बन फायबरच्या सांगाड्याची आणि स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलायच्या सात गिअरची. तिला पुढे-मागे पंख असतात. इथेच कार्टमधल्या सवयी नडतात.

पंखांमुळे गाडीला जमिनीकडे मिळणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरळ रस्त्याच्या शेवटी तो सर्वाधिक असतो, म्हणून ब्रेकवरचा पहिला दाब पूर्ण ताकदीने द्यायचा. वेग उतरेल तशी पकड कमी होत जाते, म्हणून पाय हळूहळू सोडत जायचा. नवखा मुलगा उलटे करतो : सुरुवातीला बिचकत दाबतो आणि वळणाच्या तोंडाशी जोर लावतो. मग पुढचे चाक जाम होते आणि टायरवर सपाट डाग पडतो. एकदा तो पडला की प्रत्येक ब्रेकला चाक त्याच जागी थांबायला बघते. दुसरी अडचण पाठलागाची. पुढच्या गाडीच्या ढवळलेल्या हवेत आपल्या पुढच्या पंखाचा दाब घटतो, गाडी वळणात बाहेर वाहते, टायर घासून तापतात. कार्टमध्ये पुढच्याच्या बंपरला चिकटून चालवणारे पोर इथे चार फेऱ्यांत टायर संपवून बसते.

२०१६ मध्ये त्याने योसेफ कॉफमान रेसिंग हा जर्मन संघ धरला. शेजारी नॉरिस होता. त्या वर्षी नॉरिसने उत्तर युरोपीय मालिका आणि फॉर्म्युला रेनोचाच युरोकप ही दोन्ही विजेतेपदे उचलली. युरोपात बर्फ असतो त्या जानेवारी-फेब्रुवारीत हे दोघे न्यूझीलंडच्या टोयोटा रेसिंग सिरीजमध्येही धावले होते. पाच आठवड्यांत पाच शर्यत-सप्ताहान्त असलेली ही मालिका हिवाळ्यात गाडीत बसण्याचे तास भरून काढायला उत्तम, आणि तिचा विजेताही नॉरिसच.

युरोपियन फॉर्म्युला थ्री : २०१७–१८

२०१७ मध्ये जेहान कार्लिन या ब्रिटिश संघात गेला. संघात पुन्हा नॉरिस. डॅलाराची गाडी, दोन लिटरचे इंजिन, साधारण २४० अश्वशक्ती. आकडा लहान वाटतो, पण गाडी हलकी आणि पंखांचा दाब भरपूर, त्यामुळे वळणांतला वेग मोठा. हंगामात दहा सप्ताहान्त आणि प्रत्येकी तीन, म्हणजे तीस शर्यती. शिकायला यापेक्षा चांगली शाळा त्या काळी नव्हती असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्याच वर्षी तो सहावा आला आणि न्यूरेंबर्गच्या नोरिसरिंगवर शर्यत जिंकला. हा २.३ किलोमीटरचा रस्त्यांवरचा ट्रॅक, मोजकी वळणे, कडेला भिंती. फेरी पन्नास सेकंदांच्या आसपास असल्याने पात्रता फेरीत (शर्यतीतल्या सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत) सगळे मैदान सेकंदाच्या एका तुकड्यात दाटते. इथे वळणातल्या वेगापेक्षा हेअरपिनमधून (उलटे फिरवणाऱ्या तीव्र वळणातून) बाहेर पडताना मागची चाके न घसरवणे मोलाचे असते.

२०१८ मध्ये त्याच संघात त्याचा क्रमांक दहावर घसरला. ज्युनिअर शर्यतीत दुसरे वर्ष पहिल्यापेक्षा कठीण असते, कारण पहिल्या वर्षी सहावा आलेल्याकडून पुढच्या वर्षी विजेतेपदाचीच अपेक्षा असते. नॉरिस फॉर्म्युला टूमध्ये निघून गेला होता. प्रेमा संघाने मिक शूमाखरला विजेता केले. पुढच्या हंगामासाठी जेहानने प्रेमाच धरला, आणि या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

२०१९ : एका गुणाचा फरक

२०१९ मध्ये एफआयए फॉर्म्युला थ्री नव्या रूपात फॉर्म्युला वनच्या सप्ताहान्तांना जोडली गेली. दहा संघ, तीस गाड्या, ३.४ लिटरचे व्ही-सिक्स इंजिन, ३८० अश्वशक्ती आणि पिरेलीचे टायर. सराव फक्त पंचेचाळीस मिनिटांचा आणि पात्रता तीस मिनिटांची. पिरेलीचे टायर वरच्या थरात लवकर तापतात. गाडी थोडी जरी आडवी सरकली तरी त्यांची पकड उतरते आणि पुन्हा येत नाही. पहिल्या फेऱ्यांत हात आखडून चालवणारा शेवटी पुढे येतो.

शनिवारच्या मुख्य शर्यतीतले पहिले आठ जण रविवारच्या छोट्या शर्यतीत उलट क्रमाने उभे राहत. म्हणून आठवे येणे नववे येण्यापेक्षा कितीतरी फायद्याचे. बार्सेलोनात १२ मे रोजी जेहानने रविवारची शर्यत जिंकली आणि जूनमध्ये फ्रान्सच्या पॉल रिकारवर शनिवारची. दोन्ही प्रकारच्या शर्यती जिंकल्याने केवळ उलट्या क्रमाच्या कृपेने जिंकला असे कोणाला म्हणता आले नाही.

हंगामाअखेर पहिले तिन्ही क्रमांक प्रेमाचेच : श्वार्ट्झमान २१२ गुण, मार्कस आर्मस्ट्राँग १५८, जेहान १५७. आठ सप्ताहान्तांच्या, सोळा शर्यतींच्या हंगामात एक गुण. सर्वांत वेगवान फेरीला दोन गुण मिळत, पात्रतेत पहिला येण्याला चार.

हा एक गुण नुसता अभिमानाचा नव्हता. फॉर्म्युला वनमध्ये उतरण्यासाठी एफआयएचा सुपर लायसन्स लागतो. त्यासाठी साधारणपणे किमान वय १८ आणि तीन हंगामांत मिळून ४० गुण हवेत. २०१९ च्या फॉर्म्युला थ्रीत पहिल्याला ३०, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २० असे गुण होते. म्हणजे मालिकेतल्या एका गुणाने लायसन्सचे पाच गुण गेले. फॉर्म्युला टूत पहिल्या तिघांना थेट ४०, पण चौथ्याला ३०, पाचव्याला २० आणि सातव्याला फक्त ८. शिवाय जुने गुण कालांतराने गळतात. वरच्या पायरीवर रेंगाळणाऱ्याचे खाते त्यामुळे भरण्याऐवजी रिकामे होऊ शकते.

फॉर्म्युला टू : २०२०

वर्षाच्या सुरुवातीला रेड बुल या फॉर्म्युला वन संघाने त्याला आपल्या ज्युनिअर संघात घेतले आणि तो पुन्हा कार्लिनमध्ये आला. शेजारी त्सुनोदा, तोही रेड बुलचाच.

फॉर्म्युला टूची गाडी टर्बो इंजिनाची, ६२० अश्वशक्तीची. ब्रेक कार्बनचे, म्हणजे गरम झाल्याशिवाय न धरणारे. तेव्हाच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हते, त्यामुळे खांदे आणि हातांचा व्यायाम हा हौसेचा भाग राहत नसे. २०२० मध्ये १८ इंची चाके आल्याने आदल्या वर्षांचे सेटिंगचे बरेच ज्ञान बाद झाले. टायर आधी गरम करायला ब्लँकेट नसतात, म्हणून मुख्य शर्यतीतल्या सक्तीच्या पिट स्टॉपनंतरची (टायर बदलायला थांबल्यानंतरची) पहिली फेरी बर्फावरून चालल्यासारखी जाते आणि पाठीमागून गरम टायरवर येणारे नेमके तेव्हाच गाठतात.

या गाडीत शर्यतीच्या सुरुवातीला सुटण्याची कला वेगळी. क्लच हाताच्या पट्टीने सोडायचा असतो आणि तो धरतो ती जागा तापमानानुसार सरकते. ती आधी, ग्रिडकडे (सुटण्याच्या जागेकडे) येतानाच्या सुटण्याच्या सरावात अजमावून घ्यावी लागते. पट्टी लवकर सोडली तर टर्बोत दाब तयार होण्याआधीच इंजिन बंद पडते. जास्त वेळ अर्धवट धरली तर क्लच तापून घसरतो आणि चाकांपर्यंत ताकद पोचत नाही. पात्रतेत मिळवलेल्या जागा पहिल्या दोनशे मीटरांत जातात त्या अशा. जेहानच्या या हंगामाच्या पहिल्या टप्प्यात हे दुखणे ठळक होते.

हंगामाचा शेवटचा, साखीरचा सप्ताहान्त तिथल्या नेहमीच्या ट्रॅकवर नव्हे, तर ३.५४३ किलोमीटरच्या बाहेरच्या ट्रॅकवर झाला. वळणे कमी, ब्रेक मात्र कडक. रविवारच्या शर्यतीत जेहान, डॅन टिक्टम आणि शूमाखर यांच्यात जुंपली. शूमाखरने ब्रेक करताना चाके जाम करून टायर सपाट केले आणि त्याला पिटमध्ये जावे लागले. हंगामाचे विजेतेपद तरी त्याचेच ठरले. जेहान पहिला, त्सुनोदा दुसरा, टिक्टम तिसरा आला आणि पदक-मंचावर जन-गण-मन वाजले.

वर्षाचा हिशेब मात्र कठोर होता. त्सुनोदा मालिकेत तिसरा आला, लायसन्सचे गुण एका फटक्यात जमले आणि २०२१ मध्ये तो अल्फाटौरीच्या फॉर्म्युला वन गाडीत बसला. जेहान बारावा. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च वीस ते तीस लाख युरोंच्या घरात जातो. ज्याच्यामागे घरचे किंवा प्रायोजकांचे पाठबळ नाही त्याला अशा वर्षानंतर दुसरी संधी मिळत नाही. जेहानला ती मिळाली.

पुढे २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांत तो सातवा आला. २०२२ मध्ये मोंझाची मुख्य शर्यत त्याने प्रेमासाठी जिंकली आणि त्याच वर्षी मॅक्लारेनच्या जुन्या फॉर्म्युला वन गाडीत सिल्वरस्टोनवर चाचणीही दिली. २०२३ मध्ये एमपी मोटरस्पोर्टसाठी फॉर्म्युला टूचा चौथा हंगाम संपवून तो २०२४ च्या मोसमात मसेराटीच्या फॉर्म्युला ई (विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेतील) संघात गेला.