सौर कृषिपंप अनुदान योजना (महाराष्ट्र)

विहीर, बोअर, शेततळे, नदी-नाला अशा पाण्याच्या स्रोतावर सौर पॅनेलवर चालणारा पंप बसवण्यासाठी शेतकऱ्याला सरकारकडून मिळणारे अर्थसाहाय्य. पंपाची बहुतेक किंमत केंद्र आणि राज्य उचलतात, शेतकरी आपला ठरलेला हिस्सा भरतो आणि त्यानंतर त्याला वीजबिल येत नाही. महाराष्ट्रात ही कामे मुख्यतः महावितरण ही वीज वितरण कंपनी आणि महाऊर्जा ही राज्याची ऊर्जा विकास संस्था यांच्यामार्फत होतात.

योजनेमागचे कारण रात्रीच्या विजेत आहे. राज्यात शेतीला थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचे, साप-विंचवाची आणि कुठे कुठे बिबट्याची धास्ती घेऊन. त्यात डीपी, म्हणजे गावचे रोहित्र, जळाली की पीक डोळ्यांदेखत सुकते. अनेकांनी स्टार्टरला ‘ऑटो’ लावून घेतला. वीज येईल तेव्हा मोटर आपोआप सुरू होते, मग गरज असो वा नसो. दुसरीकडे कोटेशन, म्हणजे जोडणीची रक्कम, भरूनही वर्षानुवर्षे जोडणी न मिळालेले, म्हणजे कार्यालयीन भाषेत ‘पेड पेंडिंग’ शेतकरी होते. खांब आणि तारा ओढत दूरच्या शेतापर्यंत जाण्यापेक्षा जागेवरच वीज तयार करणे सोयीचे, हा हिशेब तिथून सुरू झाला.

देशात सौर पंपांना मदत देण्याचा कार्यक्रम १९९२-९३ पासून होता, पण त्याला वेग आला तो केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेने. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने तिला मंजुरी दिली. तिचे तीन घटक आहेत. ‘अ’ घटकात २ मेगावॉटपर्यंतचे छोटे सौर प्रकल्प, ‘ब’ मध्ये वीजजाळ्याशी न जोडलेले स्वतंत्र पंप आणि ‘क’ मध्ये आधीपासून वीजजोडणी असलेल्या पंपांचे सौरीकरण येते. ‘ब’ घटकाची मूळ वाटणी केंद्र ३० टक्के, राज्य ३० टक्के, शेतकरी ४० टक्के अशी होती. महाराष्ट्राने आपला भार वाढवून शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारण गटासाठी १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्क्यांवर आणला. राज्याची स्वतःची मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजना २०१८ मध्ये एक लाख पंपांसाठी मंजूर झाली होती. २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली. नावाची घडण ओळखीची आहे, त्याआधी ‘मागेल त्याला शेततळे’ होतेच.

अर्जाला सातबारा लागतो आणि त्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद असावी लागते. सामाईक खाते असेल तर इतर हिस्सेदारांचे ना-हरकत पत्र जोडावे लागते. भावाभावांत बोलणे नसेल तर पुष्कळदा घोडे इथेच अडते. पुढे हिस्सा भरणे, यादीतला पुरवठादार निवडणे, जागेची संयुक्त पाहणी आणि मग बसवणी. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा त्यात धरलेला असतो.

योजनेचा खरा कस लागतो तो पंपाच्या क्षमतेपाशी. क्षमता जमिनीवरून ठरते: अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्यापुढे ७.५ एचपी. हवा असल्यास लहान पंप घेता येतो, मोठा नाही. पण पाणी एकर पाहून वर येत नाही, खोली पाहून येते. केंद्राच्या तांत्रिक निकषांत डीसी पंपाने (एकदिश विजेवर चालणाऱ्या) स्वच्छ उन्हाच्या दिवशी पॅनेलच्या प्रत्येक वॉटमागे साधारण ३० मीटर उंचीला ३५ लिटर आणि ७० मीटरला १४ लिटर पाणी द्यावे, असे धरले आहे. म्हणजे ३ एचपीच्या ३,००० वॉट पॅनेलवर ३० मीटरवरून पाणी ओढणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाला १,०५,००० लिटर मिळतात, ७० मीटरवाल्याला ४२,०००. अडीच एकरांवर पसरले तर एकाकडे पाण्याचा थर १० मिलिमीटर आणि दुसऱ्याकडे जेमतेम ४. रब्बीचा हरभरा त्यावर निघेल, उन्हाळी भाजीपाल्याची ओढाताण होणारच. ‘सोलर चालत नाही’ म्हणून गावोगावी जी कुरकुर ऐकू येते, तिच्यातली बरीचशी खोल बोअरवाल्यांची असते, आणि ती खोटी नाही.

चालवण्याची रीतही वेगळी आहे. सकाळी धार करंगळीएवढी असते, ऊन चढेल तशी फुगते, दुपारी पाइप भरून वाहतो आणि चारनंतर पुन्हा बारीक होतो. ठिबकला एकसारखा दाब लागतो; त्यामुळे जाणते शेतकरी आधी पाणी शेततळ्यात किंवा उंचावरच्या टाकीत घेतात. पॅनेलवरची धूळ सकाळी काच थंड असताना पुसायची. तापलेल्या काचेवर गार पाणी मारले तर तडा जाण्याची भीती असते. केबलची चोरी आणि गारपीट ही शेतकऱ्याची आणखी दोन दुखणी. पीक नसताना पंप रिकामा पडतो. त्यावेळी तीच वीज कडबाकुट्टी किंवा पिठाच्या गिरणीकडे वळवणारे नियंत्रक उपलब्ध आहेत.

फुकटच्या उन्हावर उपसाही फुकट होतो, ही अभ्यासकांची मुख्य हरकत. भूजल खालावलेल्या भागात ती गंभीर आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये सौर पंपधारकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिचे सभासद उरलेली वीज वीज कंपनीला विकू लागले. पाणी उपसण्याऐवजी वीज विकली तरी पैसे मिळतात, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्राने जोडणी असलेल्या शेतकऱ्यांसाठी निराळी वाट घेतली. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचा पूर्ण फीडरच, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणारी वीजवाहिनी, दिवसा चालवायचा असतो. शेतकऱ्याची मोटर, स्टार्टर, तारा जुन्याच राहतात. बदलते ती फक्त वीज येण्याची वेळ.