डेटाबेस ट्रिगर : नोंदींतील बदलांवर नियंत्रण

टेबलातील ओळ भरताना, बदलताना किंवा पुसताना डेटाबेस आपणहून जो कोड चालवतो, त्याला ट्रिगर म्हणतात. बदल संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून आला की कोणी थेट आज्ञा देऊन केला, याने फरक पडत नाही. एसक्यूएल या डेटाबेसच्या आज्ञाभाषेच्या १९९९ च्या मानकात ट्रिगरचा समावेश झाला.

चेक बंधनाला, म्हणजे ओळीत कोणती किंमत चालेल हे ठरवणाऱ्या नियमाला, फक्त नवी ओळ दिसते. ट्रिगरला जुनी (ओल्ड) आणि नवी (न्यू) दोन्ही दिसतात. त्यामुळे ‘दर शून्याहून जास्त हवा’ हा नियम बंधनात घालावा. ‘पावती झाल्यावर दर बदलू नये’ याला मात्र ट्रिगरच लागतो.

हर्णैसारख्या बंदरावरच्या मच्छीमार संस्थेचे लिलावाचे टेबल घ्या : नौका, तारीख, मासळीची जात, वजन, दर, स्थिती. पावती फाडली की स्थिती ‘बंद’ होते. बिफोर अपडेट (बदल होण्याआधी चालणाऱ्या) ट्रिगरने ओल्डमधली स्थिती ‘बंद’ दिसताच बदल नाकारायचा. त्यासाठी त्रुटी देणारी आज्ञा असते : पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत रेझ एक्सेप्शन, मायएसक्यूएलमध्ये ‘४५०००’ हा सिग्नल. इथे न्यूमधली स्थिती तपासणे ही नेहमीची चूक. एकाच आज्ञेत स्थिती ‘चालू’ करून दरही बदलला, तर अशा ट्रिगरला काहीच खटकत नाही. दराची दुरुस्ती उलट नोंद टाकूनच करावी. पुसण्यासाठी वेगळा डिलीट ट्रिगर लावावा, नाहीतर ओळ पुसून नव्या दराने पुन्हा भरता येते.

फक्त दरावर पहारा ठेवायचा असेल, तर जुना व नवा दर साध्या ‘<>’ने (‘समान नाही’ या चिन्हाने) ताडू नये. एक बाजू नल (किंमतच नसलेली) असली की उत्तर खरेही नाही, खोटेही नाही, आणि बदल निसटतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्यासाठी ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ आहे. तिथेच बिफोर डिलीट ट्रिगरमधून सवयीने न्यू परत केला, तर तो नल असल्याने ओळ पुसलीच जात नाही आणि त्रुटीही दिसत नाही. असले मुके ट्रिगर शोधायला फार त्रास देतात.

बदलांचा इतिहास आफ्टर (बदल झाल्यावर चालणाऱ्या) ट्रिगरने वेगळ्या टेबलात लिहावा : जुनी किंमत, नवी किंमत, वापरकर्ता, वेळ. पण नाकारलेल्या प्रयत्नाची नोंद अशी टिकत नाही. डेटाबेसमधला व्यवहार (एकत्र चालणाऱ्या आज्ञांचा गट) मागे फिरला की तीही पुसली जाते.

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत ट्रिगर दर ओळीला नव्हे, दर आज्ञेला एकदाच चालतो. १ जूनपासूनच्या मासेमारीबंदीत हंगामाच्या सगळ्या नोंदी एका झटक्यात बंद केल्या, तर ‘इन्सर्टेड’ (नव्या ओळींच्या) व ‘डिलीटेड’ (जुन्या ओळींच्या) टेबलांत त्या सगळ्या ओळी येतात. एकच ओळ गृहीत धरून लिहिलेला ट्रिगर तेव्हा बाकीच्या तपासतच नाही.

ट्रंकेट या सगळ्या ओळी एकदम काढणाऱ्या आज्ञेने टेबल रिकामे केल्यास डिलीट ट्रिगर चालत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये परकीय कळीच्या (दोन टेबले जोडणाऱ्या दुव्याच्या) कॅस्केडने, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्यात आपोआप, झालेले बदलही ट्रिगरला कळत नाहीत. टेबलाचा मालक पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ट्रिगर बंद करू शकतो, म्हणून सॉफ्टवेअर ज्या खात्याने जोडले जाते त्याच्याकडे टेबलाची मालकी किंवा ट्रंकेटची परवानगी देऊ नये.